गणवेश कुणासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी ‘वाहतूक कामगारांना पूर्ण गणवेशाची सक्ती असावी काय?’ या विषयावर झालेल्या परिसंवादातील एका भाषणाचा मजकूर.)



महिन्यापूर्वी आपल्या कार्यवाहबाई घरी आल्या आणि त्यांनी मला आजचा विषय सांगितला, तेव्हा मी पटकन म्हणून गेले, “अहो, यात बोलायचे काय? गणवेश हवाच!” जिने उभे आयुष्य शिवणयंत्रावर घालविले आणि त्यातली कित्येक वर्षे खाकी कापड बेतण्यात घालविली, ती बाई दुसरे काय म्हणणार? त्यांनी तेथल्या तेथे माझे नाव ‘अनुकूल’ बाजूस लिहून टाकले. आमचे हे बोलणे माझी सून आतल्या खोलीतून ऐकत होती. तेव्हा ती काही बोलली नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना मात्र एवढेच म्हणाली, “आई, त्या दिवसाचेही सांगाल ना?”

तो दिवस कोणता, ते मी पुढे सांगणार आहेच. पण त्या एका प्रश्नाने मला महिनाभर विचार करावयास लावले. म्हणून आज मी अनुकूल बाजूस उभी असले, तरी माझी अनुकूलता आता बिनशर्त राहिलेली नाही, हे आरंभीच कबूल करते.

प्रथम गणवेशाच्या बाजूने जे सांगावयाचे ते सांगते, कारण तेही मी पुस्तकात वाचलेले नाही, अनुभवलेले आहे.

१९७१ सालची गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. वडील आजारी असल्याची तार आली म्हणून मी एकटीच पाटणला निघाले होते. कऱ्हाडच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. थंडीचे दिवस, स्टँडवर माणसे तुरळक. पुढची गाडी लागेना. इतक्यात खांद्याला पिशवी अडकविलेला एक गृहस्थ जवळ आला व अगदी आपुलकीने म्हणाला, “ताई, पाटणची गाडी आज यायची नाही. मी खात्यातलाच माणूस आहे. बाहेर आमची जीप उभी आहे, चला, सोडतो.” वडिलांच्या काळजीने माझे चित्त ठिकाणावर नव्हते. मी पिशवी उचललीही होती. तेवढ्यात कंट्रोलरच्या खोलीतून एक वयस्क कंडक्टर बाहेर आले. अंगावर धुऊन धुऊन विटलेली खाकी, खिशावर पितळेचा बिल्ला. ते म्हणाले, “बाई, गाडी मागे पंक्चर झाली आहे. तासाभरात येईल. इथे उजेडात बसा.” तो पिशवीवाला केव्हा निघून गेला ते मला कळलेसुद्धा नाही. गाडी आली, मी पाटणला पोहोचले, वडिलांची भेट झाली.

तो मनुष्य वाईटच होता, असे मी आजही म्हणणार नाही. कदाचित खरोखरच सोडणारा असेल. पण दोन अनोळखी पुरुषांपैकी एकावर मी विश्वास टाकला आणि दुसऱ्यावर टाकला नाही, तो कशाच्या आधारावर? बिल्ल्यावर आकडा होता. तो आकडा मी पाटण येईपर्यंत मनातल्या मनात घोकीत होते. या माणसाने काही वावगे केले तर कोणाकडे जाऊन काय सांगावयाचे, हे मला ठाऊक होते. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला गणवेशाचा आधार वाटतो तो एवढ्यासाठी.

आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या सरकारी वाहतुकीची पहिली गाडी सुटली. त्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. मोटार भरली की सुटायची, कोण मालक, कोण क्लीनर, कोण नुसताच दरवाजाला लोंबकळणारा, हे उतारूला उमजावयाचे नाही. सरकारी गाडीबरोबर तिकीट आले, ठरलेले भाडे आले, आणि ते घेणारा अधिकृत माणूस कोणता, हे दाखविणारी खाकीही आली. ‘खाक’ म्हणजे धूळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेशावरकडच्या एका पलटणीने हा मातकट रंग प्रथम घेतला म्हणतात. पलटणीचे राहो, पण धुळीच्या रस्त्यावर दिवस काढणाऱ्याला तो रंग सोयीचा होता, हे त्याचे कपडे धुणारी कोणतीही गृहिणी सांगेल.

रेल्वे स्टेशनावरील हमालांचेच पाहा. लाल सदरा आणि दंडाला पितळेचा बिल्ला. ‘कुली’ हा १९८३ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. त्यातल्या नायकाच्या दंडावरचा ७८६ हा आकडा आजही लोक विसरलेले नाहीत. २०१६ सालच्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ असे नवे नाव देण्यात आले, ते चांगलेच झाले. पण आपण आपली ट्रंक त्यांच्या डोक्यावर देतो ती नावाकडे पाहून नव्हे. लाल सदरा लांबून दिसतो आणि बिल्ल्यावरचा आकडा जवळून वाचता येतो, म्हणून देतो.

तेव्हा गणवेश असावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती विषयातल्या दुसऱ्या दोन शब्दांविषयी. ‘पूर्ण’ म्हणजे काय? आणि ‘सक्ती’ कोणावर?

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात जुन्या काळी वाहक-चालकांचे गणवेश शिवावयास येत, हे येथल्या वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. कापड त्यांना मिळालेले असे, आम्ही फक्त शिलाई घेत असू. त्या कामात मी एक गोष्ट शिकले. कंडक्टरचा सदरा सर्वांत आधी कोठे फाटतो? उजव्या काखेत. एका हाताने वरची दांडी धरून तोल सांभाळावयाचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने तिकिटे व पैसे. दिवसातून शेकडो वेळा तो हात वर जातो आणि काखेची शिवण उसवते. मग खिसा, सुट्ट्या नाण्यांच्या वजनाने त्याचे कोपरे सुटतात. ड्रायव्हरचे तसे नाही. त्याची विजार बैठकीत विरते आणि सदरा पाठीवर घामाने कुजतो, कारण इंजिनाची धग आणि पाठीमागचे आसन यांच्यामध्ये तो आठ-आठ तास बसलेला असतो. एकाच कापडाचा, एकाच बेताचा गणवेश दोघांना दिला, तर दोघांचाही फाटतो, पण वेगवेगळ्या ठिकाणी. म्हणून आम्ही कंडक्टरच्या सदऱ्याला काखेत एक कळी घालू लागलो. कळी घातलेले सदरे उसवून परत आले नाहीत.

सांगावयाचे ते हे की, गणवेश बाहेरून सारखा दिसावयास हवा असेल, तर आतून तो ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे आणि अंगाप्रमाणे शिवलेला असावा लागतो. ज्यांनी गणवेशाचे नियम केले त्यांनी बाहेरची बाजू लिहून ठेवली, आतली बाजू बहुधा कोणी विचारलीच नाही.

आता सुनेच्या त्या दिवसाकडे येते. ती एका सार्वजनिक बससेवेत वाहक आहे. कोणत्या सेवेत व कोठे, ते मी सांगणार नाही. तिला तेथेच नोकरी करावयाची आहे, आणि मला कोणा एका माणसावर ठपका ठेवावयाचा नाही.

चार वर्षांपूर्वी तिला सहावा महिना लागला होता. तिला मिळालेला गणवेश म्हणजे सदरा-विजार. सदऱ्याची बटणे लागेनात, विजारीचा पट्टा बसेना. तिने नव्या मापाचा गणवेश मागितला, तेव्हा पुढच्या वाटपात बघू, असे उत्तर मिळाले. पुढचे वाटप तिचे बाळंतपण होऊन गेल्यावर होते. मग मी उठले. बाजारातून अगदी त्याच रंगाचे कापड शोधून आणले आणि तिला गुडघ्यापर्यंतचा सैल कुडता व सलवार शिवून दिली. खांद्यावर पट्ट्या तशाच, खिसा तसाच, आणि खिशावर बिल्ला लावण्याची जागा नेमकी तीच. मला वाटले, काम फत्ते झाले.

सकाळी सहाच्या ड्यूटीला गेलेली पोर साडेआठाला घरी परत आली. चप्पल न काढताच पायरीवर बसली. “पूर्ण गणवेश नाही” म्हणून तिला गाडी दिली नव्हती. हातात मेमो दिला होता आणि तो दिवस बिनपगारी मांडला होता. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “आई, बिल्ला होता ना माझ्या छातीवर!”

भगिनींनो, मी चाळीस वर्षांत शिवलेला एकही कपडा मला इतका लाजिरवाणा वाटला नव्हता. चूक माझ्या शिवणीत नव्हती हे कळत होते, तरी वाटला.

दुपारी मी स्वतः त्या साहेबांना भेटावयास गेले. मनुष्य सज्जन होता. मला खुर्ची दिली, पाणी दिले. म्हणाले, “बाई, तुमच्या सुनेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आज हिला सूट दिली तर उद्या कोणी टी-शर्टात येईल, परवा कोणी लुंगीवर. मग मी कोणाला काय सांगू?” हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. शंभर माणसांकडून काम करून घेणाऱ्याला एक रेघ आखावीच लागते. मी त्यांना एवढेच विचारले, “साहेब, तुमच्या नियमाच्या पुस्तकात पोटुशी बाईसाठी कोणता गणवेश लिहिला आहे?” त्यांनी पुस्तक उघडले. पाने चाळली. तसे पान त्यात नव्हते. जो कपडा नियमात लिहिलेलाच नाही, दिलेलाही नाही, तो घातला नाही म्हणून तिचा दिवस गेला होता.

आणि दिवस एकटीचा गेला नव्हता. ऐन वेळी दुसरा वाहक मिळाला नाही, म्हणून तिची पहिली फेरी रद्द झाली. त्या फेरीने शाळेच्या मुली येतात. त्या थांब्यावर ताटकळत राहिल्या. ज्या उतारूंसाठी म्हणून गणवेशाचा एवढा आग्रह, त्यांनाच त्या सकाळी गाडी मिळाली नाही!

अर्ज केला, पुन्हा अर्ज केला. चार महिन्यांनी कापलेला पगार जमा झाला. मेमो मात्र मागे घेतल्याचे पत्र आले नाही, आणि नियमही बदलला नाही. नात आता बालवाडीत जाते. तिच्या आईच्या कागदपत्रांत तो मेमो अजून आहे.

या प्रकरणानंतर आपल्या मंडळातल्या वकीलबाईंनी मला कायदा समजावून दिला, तो तुम्हांसही सांगते. १९८८ सालचा मोटार वाहन कायदा चालक-वाहकांच्या बिल्ल्याविषयी आणि गणवेशाविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला देतो. म्हणजे सक्तीला आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्याही आधीचा, १९६१ सालचा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा आहे. त्याच्या दहाव्या कलमात गणवेश आहे. ते कलम काय सांगते? मालकाने चालकांना, वाहकांना आणि तपासनिसांना गणवेश पुरवावा, पावसापासून आणि थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून रेनकोटासारख्या वस्तू पुरवाव्यात, यासाठी सरकारने नियम करावेत. आणि दिलेला गणवेश धुण्याची सोय मालकाने स्वखर्चाने केली नसेल, तर धुलाईचा भत्ता द्यावा.

हे कलम ज्या प्रकरणात आहे त्याचे नाव ऐका: ‘कल्याण आणि आरोग्य’. त्याच्या अलीकडे उपाहारगृह आणि विश्रांतिगृह यांची कलमे आहेत, पलीकडे वैद्यकीय सोयीचे व प्रथमोपचाराचे. शिस्तीच्या प्रकरणात गणवेश नाही! जेवण, विसावा आणि औषध यांच्या पंक्तीला त्याला बसविले होते. तो कायदा पुढे २०२० सालच्या नव्या श्रमसंहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तेव्हा नवे नियम लिहिताना जुन्या कायद्यातला हा विचार पुसला जाऊ नये, याकडे आपण सर्वांनी लक्ष ठेविले पाहिजे.

‘पूर्ण’ या शब्दाचा हट्ट कोठपर्यंत जातो याचे एक उदाहरण परदेशातले आहे, आणि ते बसवाल्यांचेच आहे. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन नावाचे गाव आहे. तेथे १९६७ साली तरसेमसिंग संधू नावाचे शीख बसचालक आजारपणाच्या रजेवरून दाढी राखून आणि फेटा बांधून कामावर आले. नियमात दाढीही बसत नव्हती, फेटाही बसत नव्हता. त्यांना घरी पाठविले. हजारो शीख बांधवांनी मोर्चा काढला. प्रकरण दोन वर्षे चिघळले. शेवटी सोहनसिंग जॉली या शीख पुढाऱ्याने १३ एप्रिल १९६९ पर्यंत बंदी उठली नाही तर स्वतःला जाळून घेईन, असे जाहीर केले. तेव्हा कोठे ९ एप्रिलला तेथील नगरपालिकेने बंदी उठविली. त्याआधीही गाडी तीच होती, मार्ग तोच होता, सुकाणूवरचे हात तेच होते. चालकाच्या डोक्यावर टोपी आहे की फेटा, याने उतारूचे काय बिघडणार होते? तेव्हा नियमातला प्रत्येक धागा उतारूच्या उपयोगाचा असतोच असे नाही. काही धागे नुसते सवयीचे असतात, आणि त्या सवयीसाठी एका माणसाने मरणाची भाषा करावी इथपर्यंत गोष्ट गेली.

आता सक्तीकडे वळते. मला सक्ती मान्य आहे, पण ती दोन्ही बाजूंनी असावी. घरात आपण मुलाला सांगतो, “शाळेचे कपडे घालूनच जा.” पण ते आदल्या रात्री धुऊन, वाळवून, खुंटीला लावण्याचे काम आपण केलेले असते. ते न करता सकाळी मुलाला रागावणारी आई न्यायी म्हणता येईल काय? दोन जोड वर्षभर पुरवावयाचे, पावसाळ्यात ते वाळत नाहीत. आगारात कपडे बदलावयास बाईला आडोशाची जागा नाही. आणि तपासणीला आल्यावर इस्त्री का नाही, म्हणून विचारावयाचे, ही एका बाजूची सक्ती झाली.

काही ठिकाणी या गोष्टींचा विचार होऊ लागला आहे. एस. टी. महामंडळाने जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने नव्या धर्तीचे गणवेश आणले. २०२३ साली तर एस. टी.च्या सुकाणूवर स्त्रिया बसल्या. बायका या कामात यापुढे वाढतच जाणार. तेव्हा पुरुषाच्या मापावर बेतलेला कपडा थोडा आत घेऊन बाईला देणे, हे आता पुरे झाले. बाईचे अंग वर्षभर एका मापाचे राहत नाही, हे नियम लिहिणाऱ्यांना सांगावयास आपण नाही तर कोण जाणार?

आमच्या प्रतिकूल बाजूच्या भगिनी म्हणतील, मग गणवेशच नको, साधे स्वच्छ कपडे पुरेत. त्यांना माझे सांगणे असे की, कऱ्हाडच्या त्या रात्री पिशवीवाल्या गृहस्थाचे कपडे कंडक्टरपेक्षा स्वच्छ होते. स्वच्छ कपड्यावरून माणूस जबाबदार आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून बिल्ला हवा, ठळक आकड्याचा हवा, रंग एक हवा, आणि त्यात कोणालाही सूट नको. साहेबांच्या लुंगीच्या शंकेलाही हेच उत्तर आहे. रंग आणि बिल्ला ही रेघ आखा. ती कोणी ओलांडली तर खुशाल मेमो द्या. पण त्या रंगाच्या आत सदरा असावा की कुडता, टोपी असावी की फेटा, कापड सुती असावे की मिश्र, हे ज्याला ते अंगावर वागवावयाचे त्याला विचारून ठरवा. आणि जोवर मापाचा गणवेश हातात दिलेला नाही, तोवर त्याच्या नावाने कोणाचा दिवस कापू नका.

शेवटी आपल्या मंडळाने काय करावे, ते सांगते. नुसते बोलून घरी जाणे मला आवडत नाही. शिवणवर्गातल्या मुलींना हाताशी घेऊन गरोदर वाहक-चालक भगिनींसाठी गणवेशाचे तीन मापांचे कागदी नमुने मी बेतून ठेवले आहेत. कंबरेला सोडता-आवळता येणारी नाडी, बाजूला सुटणाऱ्या चुण्या, काखेत कळी, आणि खिशावर बिल्ल्याची जागा नेहमीचीच. ते नमुने व त्यासोबत एक पत्र, मंडळाच्या सहीशिक्क्यानिशी आपल्या भागातल्या सर्व बससेवांकडे पाठवावे, अशी माझी सूचना आहे. आजच्या सभेने ती संमत करावी. पत्राचा मसुदा वकीलबाईंनी पाहिलेला आहे.

आणि एक लहानसे काम प्रत्येकीने करावयाचे. उद्या बसमध्ये चढाल तेव्हा कंडक्टरच्या इस्त्रीकडे पाहू नका. बिल्ला पाहा, आकडा वाचा. बिल्ला नसेल तर निःसंकोच विचारा. तो असेल, आणि त्याखालचा कुडता कोणा सासूने घरी शिवलेला दिसला, तर हसून तिकीट मागा.

अनुकूल बाजूस नाव दिलेल्या बाईने एवढ्या अटी घालाव्यात हे परिसंवादाच्या रीतीला धरून झाले नसेल, तर अध्यक्षबाईंनी क्षमा करावी. सुनेला दिलेला शब्द मला पाळावयाचा होता.